उंदीर, पट्टा आणि बाबा

‘द इन्क्रेडिबल मशीन’ हा कॉम्प्युटर गेम 1993 सालचा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर यायच्या आधीचा. काम अगदी साधं असतं, चेंडू टोपलीत पाडायचा. पण तो सरळ उचलून टाकता येत नाही. फळी, दोरी, कप्पी, फुगा, कात्री, मेणबत्ती असं सामान मिळतं, त्यातून मांडामांड करायची. पिंजऱ्याला धक्का बसला की आतला उंदीर धावतो आणि पट्ट्याने जोडलेलं चाक फिरवतो. पडदा वर ओढला की माकडाला केळी दिसतात आणि ते सायकल मारू लागतं!

अशा वेडगळ यंत्रांचा बादशहा म्हणजे अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग. हा मुळात इंजिनिअर. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी व सांडपाणी खात्यातली नोकरी सोडून तो वर्तमानपत्रात चित्रं काढायला गेला. (आपल्याकडे असं केलं असतं तर घरच्यांनी काय म्हटलं असतं?)

माझा नऊ वर्षांचा भाचा इंदूरचा. शाळेत इंग्रजी, मित्रांशी हिंदी, मराठी फक्त समजण्यापुरती. बाबा नेपानगरजवळच्या चांदनीला राहतात. कागद कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर बोलणं कमी झालं. दोघांमध्ये ‘जेवलास का’च्या पुढे गाडी जात नसे. दिवाळीत मी लॅपटॉपवर हा गेम लावून दिला. एका पातळीवर पट्टा उलटा फिरून चेंडू मागेच यायचा. बाबा चष्मा लावून मागे उभे होते. म्हणाले, “मध्ये दोन दातेरी चाकं एकमेकांना भिडवून लाव, दिशा बदलेल.”

बदलली.

मग बाबा खुर्ची ओढून बसले ते जेवायची हाक येईपर्यंत. त्यांची पद्धत ठरलेली: जिथे अडलंय तिथून मागे मागे यायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना हेच करतो, फक्त त्याला डिबगिंग म्हणतो. या गेममध्ये ते छान जमतं, कारण यात नशिबाचा भाग नाही. तीच मांडणी शंभर वेळा चालवा, चेंडू शंभर वेळा त्याच जागी पडणार. त्यामुळे एका वेळी एकच वस्तू हलवायची आणि काय बदललं ते पाहायचं. काही कोड्यांत गुरुत्वाकर्षण आणि हवेचा दाबही वेगळा असतो. तिथे बाबांचा अनुभव चालत नाही, भाचा पुढे असतो.

जुना गेम ‘डॉसबॉक्स’वर चालतो. त्याच्याच मूळ कर्त्यांनी, केव्हिन रायन आणि जेफ टनेल यांनी, 2014 मध्ये ‘कॉन्ट्रॅप्शन मेकर’ आणला. नव्या लॅपटॉपवर तो सोयीचा.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. भाचा ‘पुली’ला कप्पी म्हणतो, ‘गिअर’ला दातेरी चाक. बाबांची तक्रार एकच: एवढी यंत्रं फिरतात, पण ग्रीस कोणी कुठेच लावत नाही.