नोकरीपूर्व अमली पदार्थ चाचणी

नोकरीपूर्व अमली पदार्थ चाचणी म्हणजे नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या शरीरात अमली पदार्थांचे अंश आहेत काय, हे पाहणारी तपासणी होय. त्यासाठी बहुधा लघवीचा नमुना घेतात. लाळ, रक्त आणि केसही तपासता येतात. भारतात सर्व खाजगी नोकऱ्यांना ती बंधनकारक करणारा कायदा नाही. विमान कंपन्यांना मात्र वैमानिकांची नेमणूक करण्यापूर्वी ती करावी लागते. हा नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

सागरी नोकरी

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, दापोली या तालुक्यांतील अनेक कुटुंबांत जहाजावरील नोकरीची परंपरा आहे. जहाजावर रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत बऱ्याच कंपन्या ही चाचणी करून घेतात. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले, तेव्हा कप्तानाच्या मद्यपानाची जगभर चर्चा झाली. (नशेत जहाज चालविल्याच्या आरोपातून तो पुढे निर्दोष सुटला, हे फारसे सांगितले जात नाही.) तेल कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय सागरी मंचाने १९९५ साली जहाजावरील मद्य व अमली पदार्थांच्या नियंत्रणासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

निष्कर्षाची मर्यादा

पहिली चाचणी झटपट व स्वस्त असते, पण ती अंतिम मानता येत नाही. खसखशीत मॉर्फिनचे अंश असतात, त्यामुळे खसखशीचे वाटण वा खीर खाल्ल्यानेही निष्कर्ष होकारार्थी येऊ शकतो. याच कारणास्तव अमेरिकेने १९९८ मध्ये आपल्या केंद्रीय चाचण्यांतील मर्यादा प्रति मिलिलिटर ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचाही असाच परिणाम होतो.

भांगेची गुंतागुंत वेगळीच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील व्याख्येत गांजा व चरस येतात, नुसती पाने येत नाहीत. चाचणीला मात्र भांग आणि गांजा यांत फरक करता येत नाही. शिवाय गांजाचा अंश नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतो, तर मद्य तासांत शरीरातून निघून जाते. म्हणजे महिन्यापूर्वीचे व्यसन पकडले जाते आणि परवाची दारू सुटते. म्हणूनच जहाजावर मद्यासाठी श्वासाची चाचणी स्वतंत्रपणे घेतात. २०१० च्या मनिला सुधारणांनुसार श्वासातील मद्याची कमाल मर्यादा प्रति लिटर ०.२५ मिलिग्रॅम आहे.

होकारार्थी निष्कर्षाने खलाशाची हातची नोकरी जाऊ शकते. त्यामुळे गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीने खातरजमा करणे आणि उमेदवार घेत असलेल्या औषधांची डॉक्टरांनी चौकशी करणे आवश्यक ठरते. नमुन्याचे सुरुवातीलाच दोन भाग करून दुसरा मोहोरबंद ठेवल्यास वाद उद्भवल्यावर फेरतपासणी करता येते.