तलावाची पाळ आणि तिचे शेजारी

माणसाने बांधलेल्या कोणत्याही वस्तूस म्हातारपण चुकलेले नाही. घराचे छप्पर गळू लागले म्हणजे आपण पावसाळ्यापूर्वी कौले चाळतो. विहिरीचा कठडा ढासळला म्हणजे तो नव्याने बांधवितो. गाडीचा आस झिजला म्हणजे सुताराचे घर गाठतो. परंतु तलावाच्या पाळीकडे मात्र आपण निराळ्या दृष्टीने पाहतो. ती आपल्या जन्मापूर्वीपासून तेथे आहे, तिच्यावर गवत उगवले आहे, गुरे चरत आहेत. म्हणून ती टेकडीप्रमाणे निसर्गानेच घडविली असावी आणि टेकडीप्रमाणेच टिकेल, असा आपला नकळत समज होतो. हा समज किती घातक आहे, आणि तलावाकाठी ज्यांची जमीन, विहीर किंवा घर आहे त्यांनी एकजुटीने पाळीच्या दुरुस्तीचा पाठपुरावा करणे किती अगत्याचे आहे, हे आम्ही या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

डोणगाव हे मेहकर तालुक्यातील गाव. या तालुक्यातून पैनगंगा वाहते आणि पेनटाकळी व कोराडी ही धरणे मेहकरच्याच परिसरात आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांची तहान साठविलेल्या पाण्यावर भागवावी लागते. ज्या गावाशेजारी तलाव आहे, त्या गावच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असते. पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करता येते. मासेमारीवर कित्येक कुटुंबे जगतात. गुरांना पाणी मिळते. ही सर्व मंडळी तलावाची शेजारी होत. याखेरीज आणखी एक शेजारी असतो व त्याची आठवण सहसा कोणास होत नाही. पाळीच्या खालच्या अंगास, नाल्याच्या काठी ज्यांची घरे आहेत, तो हा शेजारी. तलावाचा लाभ त्याला सर्वांत कमी आणि भय सर्वांत अधिक!

आता मातीची पाळ म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. तिच्या मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. त्यातून पाणी फारच सावकाश झिरपते. गाभ्याच्या दोन्ही बाजूंस मुरुमाचे कवच असते. ते पाळीस वजन व आधार देते. पाण्याकडील उतारावर लाटांच्या माऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून दगड रचलेले असतात. खालच्या बाजूच्या पायथ्याशी चर व दगडगोटे असतात. झिरपलेले पाणी माती न वाहविता तेथून निघून जावे, हा त्यांचा हेतू. पाणी सोडण्यासाठी पाळीखालून एक मोरी काढलेली असते व तिच्या तोंडाशी झडप असते. शेवटी एका टोकास सांडवा असतो. तलाव भरून गेल्यावर अधिकचे पाणी पाळीवरून न जाता सांडव्यावाटे जावे, यासाठी तो ठेविलेला असतो.

या प्रत्येक भागास आपापल्या रीतीने म्हातारपण येते. काळी माती उन्हात तडकते व पावसात फुगते, हे आपल्या शेतात आपण दरसाल पाहतोच. पाळीचा माथा उघडा पडला तर तेथेही अशाच भेगा पडतात. वर्षानुवर्षे माती दबत जाऊन माथा कोठे कोठे खचतो. उताराचे दगड सुटतात, आणि पुष्कळदा घराच्या जोत्यासाठी कोणीतरी ते उचलूनही नेतो! पाळीवर बाभळी वाढतात. त्यांची मुळे आत खोल शिरतात आणि झाड वाळले की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्यास आयतीच वाट मिळते. घुशी, उंदीर व खेकडे बिळे करतात. झडप गंजून बसते, आणि मग संकटाच्या वेळी तलाव रिकामा करू म्हटले तरी करता येत नाही.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. थोडेबहुत पाणी प्रत्येक मातीच्या धरणातून झिरपतेच. पाहावयाचे ते असे की, ते पाणी निवळ आहे की गढूळ, आणि गतवर्षापेक्षा वाढले आहे की काय. निवळ पाणी केवळ पाणीच नेते. गढूळ पाणी पाळीच्या पोटातील माती नेत असते. माती गेली की आत पोकळी होते, पोकळीतून पाणी अधिक जोराने वाहते आणि अधिक माती नेते. अशा रीतीने बोटाएवढी वाट काही तासांतच भगदाडाएवढी होऊ शकते.

दुसरी गोष्ट सांडव्याची. पाणी थोडे अधिक साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणे, सांडव्याच्या चरात पीक घेणे, झुडपे वाढू देणे, हे प्रकार अनेक ठिकाणी घडतात. करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यास एक पाणी अधिक हवे असते. परंतु मोठा पाऊस झाला असता सांडवा अपुरा पडतो व पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागते. दगडी भिंत हा प्रसंग काही काळ सोसू शकते. मातीची पाळ मात्र खालून वर चिरत जाते आणि पाहता पाहता फुटते.

या विषयात जगाने एक फार महाग धडा घेतला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात साउथ फोर्क नावाचे मातीचे जुने धरण होते. पिट्सबर्ग शहरातील धनवान लोकांच्या एका मंडळाने ते विकत घेऊन तलावाकाठी विहारासाठी बंगले बांधिले. धरणाच्या तळाशी असलेले पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्या मालकाने काढून विकले होते. मंडळाने ते पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून तो थोडा उतरविला आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लाविल्या. खालच्या जॉन्सटाउन गावातील लोखंडाच्या कारखान्याच्या प्रमुखाने १८८० साली आपला इंजिनियर पाठवून पाहणी करविली, दोष कळविले, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली; परंतु मंडळाने ते मनावर घेतले नाही. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत ते धरण फुटले आणि २,२०९ माणसे प्राणास मुकली. तलावाकाठच्या मालकांची संघटना तेथेही होती. परंतु ती केवळ आपल्या सुखापुरती पाहणारी होती. संघटना असणे पुरेसे नाही, ती कोणासाठी आहे हे महत्त्वाचे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथे मातीचे धरण होते. ते पुरते वीस वर्षांचेही नव्हते. गळतीबद्दल गावकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या व पावसाळ्यापूर्वी काही डागडुजीही झाली होती. तरी २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसांहून अधिक माणसे मृत्यू पावली. खेकड्यांनी बांध पोखरला, असेही एक कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. खेकडे बिळे करतात हे खरे. परंतु बिळे बुजविणे हे माणसाचे काम आहे. तिवऱ्याच्या कथेवरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. धरणाचे म्हातारपण केवळ वर्षांवरून मोजता येत नाही, ही पहिली. आणि तक्रारीनंतर डागडुजी झाली म्हणजे काम संपले असे समजू नये, दुरुस्ती पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी शेवटपर्यंत मागे लागावे, ही दुसरी.

याच्या उलट उदाहरण भंडारदऱ्याचे. प्रवरा नदीवरील हे उंच दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. १९६९ साली त्यास भेगा व मोठी गळती आढळून आली. तेव्हा तलावातील पाणी कमी पातळीस ठेवून धरणास बळकटी आणण्याचे काम हाती घेण्यात आले व भिंतीस मागून भक्कम टेकू बांधण्यात आले. ते धरण आजही उभे आहे व त्याचे पाणी शेतीस मिळत आहे. वेळेवर दोष ओळखला आणि काही काळ कमी पाण्यावर भागविले, याचे हे फळ होय.

येथेच खरी कसोटी आहे. दुरुस्ती करावयाची तर तलाव पुष्कळदा उतरवावा लागतो. म्हणजे ज्यांची विहीर तलावावर जगते त्यांचा एखादा रब्बी हंगाम जातो, मासे धरणाऱ्यांचे उत्पन्न बुडते. म्हणून दुरुस्तीची मागणी सर्वजण करितात, परंतु पाणी सोडण्याची वेळ आली म्हणजे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणतात. एकटादुकटा शेतकरी हे नुकसान सोसू शकत नाही. सर्वांनी मिळून ते वाटून घेतले, कोणाच्या पिकास किती पाणी लागेल हे आधीच ठरविले, तर मात्र ते सोसवते. शेजाऱ्यांचा संघ असण्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण असे की, ज्याचा मालक दूर असतो त्याची देखभाल जवळच्यांच्या डोळ्यांवर अवलंबून असते. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत मालगुजारी तलाव आहेत. त्यांची पाळ, सांडवा व पाट यांची निगा गाव मिळून राखीत असे. १९५१ साली मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारच्या ताब्यात गेले. त्यानंतर गावचा हात सुटला आणि पुष्कळ तलाव गाळाने भरले. आपल्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तरी हा धडा आपणासही लागू आहे. हल्ली लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, काही मृद व जलसंधारण खात्याकडे आणि मोठी धरणे जलसंपदा खात्याकडे असतात. आपला तलाव कोणाकडे आहे, हे शोधून काढणे हे संघाचे पहिले काम; कारण चुकीच्या दारी केलेला अर्ज धूळ खात पडतो.

कायद्याचेही पाठबळ आहे. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांस मान्यता दिली आहे. देशासाठी २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. त्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी आवश्यक केली आहे. परंतु तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांस, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही ठरावीक धरणांस लागू आहे. गावोगावचे लहान तलाव त्याच्या बाहेर राहतात. म्हणून लहान तलावाच्या शेजाऱ्यांवर अधिकच जबाबदारी येते.

अर्ज कसा करावा, याविषयी दोन शब्द. ‘पाळ धोक्यात आहे’ एवढेच लिहिल्याने काही होत नाही. कोणत्या ठिकाणी, पाळीच्या टोकापासून किती अंतरावर, किती लांबीची भेग आहे. गळतीचे पाणी निवळ की गढूळ. कोणत्या दिवशी तलाव किती भरला होता. हे तारीखवार लिहावे व छायाचित्र जोडावे. अर्जाची पोच घ्यावी. सह्यांमध्ये वरच्या अंगाच्या जमीनदारांबरोबर खालच्या वस्तीतील माणसांच्याही सह्या असाव्यात. उत्तर न आल्यास महिन्याने पुन्हा लिहावे. आणि जे आपल्या हातात आहे, म्हणजे सांडवा मोकळा ठेवणे, दगड न उचलणे, हे अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता करावे. झाडे तोडणे व मुळे उपटणे मात्र जाणत्या इंजिनियराच्या सल्ल्यानेच करावे; कारण मूळ उपटल्याने पाळीस खड्डा पडून अपाय होण्याचा संभव असतो.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यात तुमचाही वाटा आहे. वडील मंडळींबरोबर पाळीवर जाल तेव्हा एका वहीत पाहिलेले टिपून ठेवा; पाण्यात उतरू नका. एका वर्षाची वही पुढच्या वर्षी ताडून पाहा, म्हणजे कोणता दोष वाढत आहे हे तुम्हांसच कळेल. भर पावसात पाळीतून गढूळ पाण्याची धार फुटलेली दिसली, तर ती पाहत उभे न राहता लागलीच मोठ्या माणसांस कळवा. पालकांनी प्रथम खालच्या वस्तीस उंचावर हलवावे आणि मग कचेरीस निरोप धाडावा. त्या घटकेस माणसे आधी, तलाव नंतर.

पाळ आपण होऊन बोलत नाही, परंतु ती पुष्कळ आधीपासून खुणा करीत असते. त्या ओळखणे, लिहून ठेवणे आणि आपला थोडा तोटा सोसूनही सर्वांच्या वतीने दुरुस्ती करवून घेणे, हे तलावाचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.