रंगावर जाऊ नका, खाली वाकून बघा

जुनी फोक्सवॅगन व्हॅन घ्यायची आहे? तिचं पहिलं रेखाटन डच आयातदार बेन पॉन यांनी १९४७ मध्ये वहीत काढलं. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला उत्पादन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने आत बसवायचं पलंग-कपाटांचं सामान आणलं.

१९६७ पर्यंतची, समोरची काच दुभागलेली गाडी आता संग्राहकांनाच परवडते. घरच्यांना घेऊन हिंडायचं तर तिच्यानंतरची, अखंड काचेची ‘बे विंडो’ बरी. जर्मनीत ती १९७९ पर्यंत बनली. ब्राझीलमध्ये तर थेट २०१३ पर्यंत, एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे होईतो.

खरा वैरी गंज. दाराखालचे पत्रे, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालची जागा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड हे सगळं तपासा. खिशात चुंबक असू द्या. जाड पुट्टी भरलेल्या जागी तो धरत नाही. मागचं, हवेने थंड होणारं इंजिन उतरवायला सोपं आणि त्याचे सुटे भागही मिळतात. म्हणून बंद इंजिनाची पण धड पत्र्याची गाडी घ्यावी, उलट कधीच नाही!

पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र पहिल्याच आठवड्यात बदला. पडदे नंतर शिवता येतील. तडकलेल्या नळीतून पेट्रोल तापल्या इंजिनावर पडलं की गाडी पेटते.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या, फारसे फेरफार न झालेल्या गाडीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी दोन्ही माफ होतात. मुलं मागे बसणार असतील तर तपासणी तरी करून घ्यावीच.