ऐंशी कोटींचे नाव

मंडळी, पांढरी, गोल पाठीची, भरल्या अंगाची अँबॅसडर गाडी तुम्ही पाहिली असेल. कलेक्टरसाहेब येवोत की मंत्री, पुढे गाडी हीच. डोक्यावर दिवा, मागे धुरळा. लग्नाच्या वऱ्हाडातही ती असे. पुढे तिघे, मागे चौघे-पाचजण दाटीवाटीने बसत, वर टपावर ट्रंका बांधत, तरी बिचारी चालत राही. २०१४ साली ही गाडी तयार होणे बंद झाले. पुढे तीन वर्षांनी, २०१७ च्या फेब्रुवारी महिन्यात, तिचे नाव विकले गेले. घेणारी कंपनी फ्रान्स देशातली. तिचे नाव प्यूजो. किंमत ठरली ८० कोटी रुपये.

पुन्हा एकदा वाचा. गाडी विकली, असे लिहिलेले नाही. कारखाना विकला, असेही नाही. नाव विकले.

तुम्ही म्हणाल, "अहो, नाव कुठं विकतं व्हय? नाव म्हणजे काय बैल हाय, की दावं धरलं आणि दुसऱ्याच्या हाती दिलं?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी तेवढेच समजून घेऊ.

समजा, तुमच्या गावात एक सुतार आहे. तो पाभरी करतो. त्याची पाभर पाच-पाच वर्षे ढिली होत नाही. दाणा सरळ पडतो. प्रत्येक पाभरीवर तो तापलेल्या सळईने मोराची खूण उमटवतो. हळूहळू पंचक्रोशीत बोलबाला होतो. बाजारात शेतकरी लाकूड ठोकून बघत नाही, सांधे हलवून बघत नाही. तो फक्त विचारतो, "मोर छाप आहे ना? मग द्या." इतर पाभरींपेक्षा चार पैसे जास्तही मोजतो.

हे चार पैसे कशाचे? लाकूड तर तेच, लोखंड तेच. ते चार पैसे त्या खुणेचे. खूण म्हणजे लोकांच्या मनातला भरवसा. तो सुताराने वीस-पंचवीस वर्षे घाम गाळून कमावलेला असतो. आता उद्या दुसऱ्या कोणी तशीच मोराची खूण उमटवून कच्च्या लाकडाच्या पाभरी खपवल्या, तर? सुतार बुडाला आणि शेतकरीही फसला. असे होऊ नये म्हणून कायदा आहे. आपल्या मालाची खूण किंवा नाव सरकारदरबारी नोंदवता येते. अशा खुणेला व्यापारचिन्ह म्हणतात. व्यवहारात लोक मार्का म्हणतात, छाप म्हणतात, ब्रँड म्हणतात. आपल्या देशात यासाठी १९९९ सालचा कायदा आहे आणि नोंदणीची मुख्य कचेरी मुंबईत आहे. एकदा केलेली नोंद दहा वर्षे टिकते. फी भरून ती पुन्हा दहा-दहा वर्षे वाढवता येते. पापड-मसाले विकणाऱ्या बायकांच्या बचत गटालाही अशी नोंद करता येते, बरे का. ती काही फक्त शेठ लोकांसाठी नाही.

आणि ज्या वस्तूची मालकी सरकारदरबारी लिहिलेली असते, ती वस्तू विकताही येते. शेताचा सातबारा जसा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जातो, तशीच ही नोंदही जाते. लेखी करार होतो, पैसे दिले-घेतले जातात, आणि त्या दिवसापासून ती खूण नव्या मालकाची. जुन्या मालकाने पुन्हा ते नाव आपल्या मालावर लावले, तर तोच गुन्हेगार ठरतो!

आता अँबॅसडरकडे वळू.

ही गाडी करणारी कंपनी हिंदुस्थान मोटर्स. बिर्ला घराण्यातील बी. एम. बिर्ला यांनी ती १९४२ साली काढली. सुरुवात ओखा बंदरात झाली. ते बंदर तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते. मग १९४८ साली कंपनी बंगालमध्ये, कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे गेली. तिथे मोठा कारखाना उभा राहिला. इतका मोठा, की तिथल्या रेल्वे स्टेशनलाच हिंदमोटर असे नाव पडले.

गाडीचा नमुना मात्र आपला नव्हता. इंग्लंडात मॉरिस ऑक्सफर्ड नावाची गाडी होती. तिचा नमुना आणि ती बनवण्याचा हक्क आपल्या कंपनीने घेतला. १९५७-५८ च्या सुमारास ती गाडी अँबॅसडर या नावाने रस्त्यावर आली. अँबॅसडर म्हणजे राजदूत. पेशव्यांच्या काळात ज्याला वकील म्हणत, तो. इंग्लंडात ती मूळ गाडी थोड्याच वर्षांत बंद झाली. आपल्याकडे ती पन्नास वर्षांहून अधिक चालली.

इतकी का चालली? खरे सांगायचे तर दोन कारणे. एक चांगले आणि एक तितकेसे चांगले नाही. चांगले कारण असे, की गाडी दणकट होती. खड्डे, चिखल, कच्ची सडक, सगळे सोसायची. बिघडली तर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिस्त्री सापडे. पाना आणि हातोडा घेऊन तो तिला पुन्हा चालती करी. दुसरे कारण असे, की लोकांना निवडच नव्हती. परदेशी गाड्या आणायला बंदी, नवे कारखाने काढायला परवाना लागे. देशात मोटारी करणाऱ्या कंपन्या मोजून तीन. एक उत्तरपाड्याची, दुसरी आपल्या मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी काढलेली प्रीमियर, आणि तिसरी मद्रासची स्टँडर्ड. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. गिऱ्हाईक दारात उभेच आहे म्हटल्यावर दुकानदार माल सुधारील कशाला?

१९८३ च्या डिसेंबरात मारुती गाडी आली. लहान, हलकी, कमी पेट्रोल पिणारी. तेव्हापासून अँबॅसडरचे दिवस फिरू लागले. तरी सरकारी खाती आणि टॅक्सीवाले तिला धरून राहिले, म्हणून तिचा जीव टिकला. १९८५ च्या आसपास वर्षाला २४,००० गाड्या निघत. २०१३-१४ साली त्या २,२०० च्या आसपास आल्या. म्हणजे अकरा गाड्यांच्या जागी एक. कंपनीने इंजिने बदलली, थोडे रूप बदलले. पण हाडाचा सापळा तोच जुना. अखेर २४ मे २०१४ रोजी कारखान्याच्या दारावर काम थांबवल्याची नोटीस लागली. पैसा नाही, गाडीला मागणी नाही, कारखान्यात काम नीट होत नाही, अशी कारणे कंपनीने दिली. दोन हजारांहून जास्त कामगार घरी बसले. काहींचे बापही तिथेच राबले होते.

इथे थांबून एक गोष्ट मनात धरा. कारखाना बंद झाला, यंत्रे गंजू लागली, कामगारांची देणी थकली, सावकारी बँकांचे कर्ज डोक्यावर राहिले. पण नाव? नावाला गंज चढत नाही. लोकांच्या ओठांवर ते होतेच. बैल मेला, तरी त्याची घुंगरमाळ खुंटीला शाबूत होती. तीच बाजारात मांडली गेली.

८० कोटी म्हणजे किती? पाटीवर ८ चा आकडा काढा आणि त्याच्यापुढे आठ शून्ये लिहा. एका गाडीची किंमत पाच लाख रुपये धरली, तर १,६०० गाड्यांचे हे पैसे होतात. नुसत्या नावाचे! या पैशातून कामगारांची आणि कर्ज देणाऱ्यांची देणी भागवू, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. पण कामगाराच्या बाजूनेही पाहा. कारखाना पुन्हा उघडेल, पुन्हा तीच गाडी निघेल, अशी आशा कोणाच्या मनात असेल, तर ती या सौद्याने संपली. आता त्या कारखान्यात कोणी गाडी केली असती, तरी तिला अँबॅसडर म्हणता आले नसते. नाव विकताना त्याबरोबर कामगाराची नोकरी जात नाही. ती नव्या मालकाकडे गेली नाही आणि जुन्याकडे उरली नव्हती.

माझ्या मते या सगळ्या व्यवहारात खटकणारी गोष्ट हीच आहे. नाव कागदावर कंपनीचे होते, हे खरे. पण ते मोठे कोणी केले? लोखंड ओतणाऱ्याने, नट आवळणाऱ्याने, रात्री-अपरात्री गाडी हाकणाऱ्या चालकाने आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीने. कायद्याच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

"आपली गाडी परक्याच्या हाती गेली," अशी हळहळ तेव्हा पुष्कळांना वाटली. वाटणे साहजिक आहे. पण नमुना इंग्लंडचा, शब्द इंग्रजी, हे विसरू नये. आपली होती ती मेहनत आणि आपली होती ती सवय.

घेणारी प्यूजो कंपनी तरी कोण? तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दोनशे वर्षांपूर्वी त्या घराण्याच्या पोलादाच्या कारखान्यात करवती बनत. पुढे कॉफी दळायच्या, मिरी कुटायच्या चक्क्याही त्यांनी केल्या. करवतीला त्यांनी सिंहाची छाप घेतली. का? तर करवतीचे दात सिंहाच्या दातांसारखे पक्के आहेत, हे गिऱ्हाइकाला कळावे. ती छाप १८५८ साली नोंदली गेली. मग मोटारी आल्या. करवतीवरचा सिंह मोटारीच्या नाकावर जाऊन बसला, तो आजतागायत तिथेच आहे. म्हणजे छापेची किंमत काय असते, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

ही कंपनी आपल्याकडे पूर्वीही येऊन गेली होती. १९९४ च्या सुमारास तिने प्रीमियर कंपनीशी भागीदारी केली आणि कल्याणच्या कारखान्यात ३०९ नावाची गाडी काढली. संप झाले, भागीदारांचे पटेना. तीन-चार वर्षांतच भागीदारी मोडली.

२०१७ साली याच फ्रेंच मंडळींनी बिर्लांच्या एका शाखेबरोबर तामिळनाडूत गाड्या काढण्याचा नवा करार केला. नावाचा सौदा त्याच सुमाराला झाला. २०२१ च्या जानेवारीत प्यूजोची कंपनी आणि इटलीच्या फियाटची कंपनी एक झाल्या. नव्या कंपनीचे नाव स्टेलँटिस. त्याच वर्षी तामिळनाडूतून त्यांची पहिली गाडी बाजारात आली. पण तिच्यावर अँबॅसडर हे नाव नव्हते. सिट्रोएन हे त्यांचे दुसरे नाव होते.

"मग एवढे पैसे मोजून घेतलं कशाला?" असे कोणी विचारील. घेणाऱ्याच्या मनात काय होते, ते तोच जाणे. पण व्यापारात माणसे पडीक जमीनही घेऊन ठेवतात. पुढे आपल्याला लागेल म्हणून घेतात, आणि शेजाऱ्याने घेऊ नये म्हणूनही घेतात. फक्त नावाच्या बाबतीत एक मेख आहे. नोंदलेले नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ज्याचे नुकसान होते असा माणूस ते वहीतून खोडण्यासाठी अर्ज करू शकतो. जमीन पडीक ठेवली तरी सातबारा राहतो. नावाचे तसे नाही.

उलट दिशेचाही एक सौदा सांगायला हवा, नाहीतर परदेशी लोकच आपली नावे घेतात, असा समज व्हायचा. इंग्लंडच्या जग्वार आणि लँड रोव्हर या नामांकित गाड्या. राजेरजवाड्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या. त्या तेव्हा अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडे होत्या. २००८ च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने त्या विकत घेतल्या. तीच टाटा मोटर्स, जिचे ट्रक आपल्या पिंपरी-चिंचवडला तयार होतात. किंमत पडली २३० कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक. त्या वेळी इंग्लंडातल्या कामगारांना धास्ती वाटली, की नवा परदेशी मालक कारखाने उचलून नेईल. पण तिथे टाटांनी नुसते नाव घेतले नव्हते. कारखाने, यंत्रे, नमुने, इंजिनियर, कामगार, सगळे एकत्र घेतले होते. गाड्या पुढेही इंग्लंडात होत राहिल्या. माळेसकट जिता बैल घेणे वेगळे, आणि नुसती माळ घेणे वेगळे.

एक शंका मात्र अनेकांनी विचारली आहे. "आमच्याकडं जुनी अँबॅसडर हाय. नाव विकलं, तर गाडीवरची पाटी काढावी लागंल काय?" मुळीच नाही. जी गाडी तुम्ही रीतसर विकत घेतली, ती पाटीसकट तुमची. ती चालवा, विका, नातवाला द्या. नव्या मालकाचा हक्क आहे तो नव्या मालावर ते नाव लावण्याचा. गाडी जुनी झाली, तर प्रश्न येईल तो धुराचा, कागदपत्रांचा आणि वयाचा. त्याची चौकशी आरटीओच्या कचेरीत करावी. फ्रान्सला पत्र लिहायला नको.