मराठवाड्यातल्या छोट्या चर्चचे वर्ष

बीडसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती तुरळक. इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेतून आलेली इथली चर्चेस आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मोडतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च उभे राहिले. मराठवाड्यासाठी त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

रविवारची उपासना मराठीत. शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी. गीतांसाठी ‘उपासना संगीत’ हे पुस्तक. त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची (1861–1919) भजने आहेत, आणि ती पेटी-तबल्यावरच शोभतात. ऑर्गनची उणीव मला तरी कधी जाणवली नाही.

वर्षाची सुरुवात जानेवारीत नव्हे, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी होते. हा आगमनकाल. वेदीवरचे वस्त्र तेव्हा जांभळे असते, नाताळात पांढरे. नाताळ नेमका ऊसतोडीच्या हंगामात येतो. जिल्ह्यातली हजारो कुटुंबे तेव्हा फडावर असतात. पुढे रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन चालते. मग पुनरुत्थानाचा रविवार, पुन्हा पांढरे वस्त्र. कापणीच्या सणाला धान्य, भाजी, कोंबडीसुद्धा अर्पण म्हणून येते आणि नंतर तिचा लिलाव होतो. हा सगळ्यांत मोकळाढाकळा दिवस!

उपासना सर्वांसाठी खुली असते. प्रभुभोजनाच्या वेळी पाहुण्याने जागेवर बसून राहावे, एवढेच.