टॉम ऑल्टर : गोऱ्या चेहऱ्याचा भारतीय नट

काही दिवसांपूर्वी खामगाव परिसरातील युवकांच्या मेळाव्यात एका महाविद्यालयीन मुलाने आम्हांला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "फादर, माझी आजी चिखलीची, पणजोबा मेहकरचे. तरी वर्गातली मुले विचारतात, तुम्ही ख्रिस्ती लोक मूळचे कुठले जी? त्यांना काय उत्तर द्यावे?" आम्ही त्याला टॉम ऑल्टर यांचे नाव सांगितले. मुलांना ते ठाऊक नव्हते, मागे बसलेली वडीलधारी मंडळी मात्र लगेच म्हणाली, "तो सिनेमातला इंग्रज साहेब ना?" हा इंग्रज साहेब इंग्रज नव्हता, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून त्यांच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

जन्म आणि जडणघडण

थॉमस बीच ऑल्टर यांचा जन्म २२ जून १९५० रोजी मसुरी येथे झाला. त्यांचे आजी-आजोबा अमेरिकेतील ओहायो राज्यातून १९१६ मध्ये मिशनकार्यासाठी भारतात आले. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. प्रथम मद्रास व पुढे लाहोर ही त्यांची कार्यक्षेत्रे. टॉम यांच्या वडिलांचा जन्म सियालकोटचा. फाळणीने अनेक भारतीय कुटुंबांप्रमाणे याही कुटुंबाची ताटातूट केली : आजी-आजोबा पाकिस्तानात राहिले, आई-वडील भारतात आले. पुढे देहरादूनजवळील राजपूर येथे हे कुटुंब स्थायिक झाले. त्यांच्या घरी पवित्र शास्त्राचा अभ्यास उर्दूतून होत असे. मुलाच्या कानावर प्रभूचे शब्द इंग्रजीबरोबर उर्दूतूनही पडले, आणि हीच त्यांची आयुष्यभराची शिदोरी ठरली.

शालेय शिक्षणानंतर ते अमेरिकेतील येल विद्यापीठात गेले. परंतु वर्षभरातच परतले. वयाच्या १९ व्या वर्षी हरियाणातील जगाधरी येथील शाळेत ते शिक्षक झाले. तेथेच त्यांनी राजेश खन्ना यांचा 'आराधना' हा चित्रपट पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि नट होण्याचे ठरविले. १९७२ ते १९७४ या काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले व सुवर्णपदक मिळविले.

चेहरा आणि वाणी

१९७६ साली 'चरस' या चित्रपटाने त्यांची कारकीर्द सुरू झाली. निळे डोळे, सोनेरी केस आणि गोरा वर्ण पाहून निर्मात्यांना त्यांच्यात फक्त इंग्रज अंमलदार दिसला. 'क्रांती'सारख्या चित्रपटांत त्यांनी असे कितीतरी साहेब रंगविले. हिंदी सिनेमातला साहेब म्हणजे मोडकेतोडके हिंदी बोलणारा माणूस, हा तर ठरलेला साचा! ज्यांचे हिंदी-उर्दू अनेक नामवंत नटांपेक्षा शुद्ध होते, त्यांनाच ती भाषा चुकीची बोलण्याचे काम मिळावे, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल.

त्यांच्या भाषेचे मोल सत्यजित राय यांनी ओळखले. १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटात ऑल्टर यांनी कॅप्टन वेस्टनची भूमिका केली. अवधच्या नवाबाला पदच्युत करण्याच्या विचारात असलेला जनरल आउट्रम आपल्या या हाताखालच्या अधिकाऱ्याला नवाबाविषयी विचारतो. वेस्टन नवाबाची कविता उर्दूतून म्हणून दाखवितो व तिचा अर्थही सांगतो. त्या एका प्रसंगात राज्य घेऊ पाहणारा आणि त्या राज्याची भाषा जाणणारा, असे दोन गोरे समोरासमोर येतात. आउट्रमची भूमिका करणारे रिचर्ड ॲटनबरो यांनी पुढे १९८२ मध्ये 'गांधी' हा चित्रपट आणला. त्यात पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील डॉक्टरांचे काम ऑल्टर यांनी केले. 'सरदार' या चित्रपटात ते लॉर्ड माउंटबॅटन झाले.

दूरचित्रवाणीने त्यांना घरोघरी नेले. १९९० च्या दशकात 'जुनून' या मालिकेतील केशव कलसी हा गुंड प्रेक्षकांच्या चांगलाच लक्षात राहिला. येथे गोऱ्या चेहऱ्याला अस्सल भारतीय नाव मिळाले. 'जबान संभालके' या विनोदी मालिकेत मात्र ते हिंदी शिकू पाहणारे परदेशी गृहस्थ होते! रंगभूमीवर त्यांना चेहऱ्याची अडचण उरली नाही. नसीरुद्दीन शाह व बेंजामिन गिलानी यांच्यासह त्यांनी 'मोटली' ही नाट्यसंस्था स्थापन केली. पुढे मौलाना आझाद यांच्यावरील एकपात्री नाटकात दोन तासांहून अधिक काळ ते एकटे रंगमंच सांभाळीत. क्रिकेटवरही त्यांचे निस्सीम प्रेम होते. सचिन तेंडुलकर अवघा १५ वर्षांचा असताना त्याची मुलाखत घेणारे हेच ऑल्टर. २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध

ऑल्टर यांना चेहरा बदलता आला नाही. वाणी मात्र त्यांनी आयुष्यभर घासूनपुसून लखलखीत ठेवली. लोक त्यांच्याकडे पाहून 'परका' म्हणत आणि त्यांचे बोलणे ऐकून 'आपला' म्हणत. ख्रिस्ती माणसाने परभाषा आपलीशी केल्याचे उदाहरण आपल्या मराठीतही आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. दोघेही थॉमस, दोघेही गोरे, आणि दोघांनाही या भूमीने भाषेमुळे जवळ केले.

मग खामगावच्या त्या मुलाला काय सांगावे? त्याला तर चेहऱ्याचीही अडचण नाही, आणि मराठी त्याला आईच्या दुधाबरोबर मिळाली आहे. मूळ कुठले, या प्रश्नावर वाद घालत बसण्यापेक्षा त्याने आपली भाषा अशी वाचावी, लिहावी व बोलावी, की विचारणाऱ्याला तो प्रश्नच विसरायला व्हावा. सुरुवात आपल्या मंदिरातूनच होऊ शकते. रविवारच्या मिस्सातील वाचन आपण पुष्कळदा ऐनवेळी पुस्तक हाती घेऊन उरकतो. पुढच्या रविवारी ज्यांची पाळी आहे, त्यांनी तो उतारा शनिवारी रात्री घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.