कारवानी कुत्रा आणि रानातली खोकड

लातूर जिल्ह्यातल्या जानवळचा कारवानी कुत्रा राखणीला उत्तम. पण ससा, खोकड दिसली की तो मागं लागतोच. त्याला सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कुत्रं सोडून सावज धरणं हीही शिकारच ठरते. शिवाय खोकड आपल्या रानातले उंदीर खाते.

पहाटे कुत्र्याला साखळीनंच बांधावर न्या. त्यानं कान टवकारले की थांबा, तिकडं बघा. ठसे, बिळं ध्यानात ठेवा.

कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. माणसाला कोल्हा किंवा कुत्रं चावलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.